पूर्णाकाठची काळी खापरे

बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास आजवर बहुतांशी घाटावरून लिहिला गेला आहे. सिंदखेडच्या जाधवरावांची गढी, तेथे १५९८ साली झालेला जिजाबाईंचा जन्म, अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्याचे एक सरकार म्हणून नांदलेले मेहकर, आणि १७२४ साली ज्या रणांगणावर मुबारिजखानाचा पाडाव करून निजामउल्मुल्काने दक्षिणेतील आपली स्वतंत्र सत्ता पक्की केली, ते साखरखेर्डा ही सारी स्थळे बालाघाटाच्या पठारावर वसलेली आहेत. तेथून उत्तरेकडे घाट उतरून गेले की पायनघाटाचा सखल, गाळाचा, क्षितिजापर्यंत सपाट पसरलेला प्रदेश लागतो. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर अशी त्यातील तालुक्यांची नावे घेतली जातात ती प्रायः कापसाच्या संदर्भात किंवा गजानन महाराजांच्या यात्रेच्या निमित्ताने. या प्रदेशाच्या मधून सातपुड्यात उगम पावलेली पूर्णा नदी पश्चिमेकडे तापीच्या भेटीला जाते. तिच्या काठी जे घडले त्याची बखर कोणी लिहिली नाही, सनदा कोणी जपल्या नाहीत, शिलालेखही फारसे कोरले गेले नाहीत. परंतु तिच्या काठच्या मातीत जी खापरे विखुरली आहेत ती या जिल्ह्याच्या कोणत्याही दफ्तरापेक्षा दीड-दोन हजार वर्षांनी वडील आहेत, आणि त्यांतील काही, नांगराच्या फाळाने वर येऊन पावसात धुतली गेली म्हणजे, आतून कोळशासारखी काळी आणि बाहेरून तांबडी अशी दुरंगी दिसतात.

प्रस्तुत लेख त्या काळ्या रंगाचा इतिहास आहे. हा रंग चुलीवरच्या काजळीने लागलेला नाही, मातीचाही नाही, आणि भाजताना झालेल्या प्रमादाचा तर मुळीच नाही. तो कुंभाराने बुद्ध्या, अग्नीला वाऱ्यापासून तोडून, धुराच्या साह्याने घडवून आणलेला आहे. जगाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या लोकांना ही विद्या साधली. आपल्या वऱ्हाडात ती इसवी सनापूर्वीच्या शतकांत पूर्ण बहरास आली होती, एवढेच नव्हे तर त्या काळच्या संस्कृतीची ओळख पटवणारी ती एक प्रमुख खूण आहे.

महसुली दफ्तरांतून आणि जुन्या मराठी कागदपत्रांतून गावाच्या भूमीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग सांगितलेले आढळतात. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. शतकानुशतके एकाच जागी माणसे राहिली, चुलींची राख साचली, मातीच्या भिंती पडून पुन्हा उभ्या राहिल्या, म्हणजे त्या जागेचे टेकाड होते आणि त्याची माती पांढरट पडते. पूर्णेच्या दोन्ही तीरांवर अशी टेकाडे आहेत. शेतकरी त्यांतील माती खत म्हणून शेतात नेतात, घरे सारवण्या-लिंपण्यासाठी खणतात, आणि त्या खोदाईत वर आलेली खापरे बांधावर भिरकावून देतात. अशा टेकाडांपैकी संग्रामपूर तालुक्यातील भोन येथील पांढरीचे भाग्य उजळले ते एकविसाव्या शतकाच्या आरंभी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वज्ञ डॉ. बी. सी. देवतारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ नंतरच्या काही हंगामांत तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले, आणि ज्या गावाचे नाव जिल्ह्याबाहेर फारसे कोणास ठाऊक नव्हते तेथे मौर्य-सातवाहन काळातील एक संपन्न वसाहत उजेडात आली. विटांनी बांधलेल्या बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले, आणि मातीच्या भाजलेल्या रुंद कड्या एकीवर एक रचून सिद्ध केलेल्या विहिरी तर ठिकठिकाणी लागल्या. शेजारच्याच पातुर्डा येथेही पुढे उत्खनन होऊन त्याच प्राचीन जगाचे आणखी पुरावे हाती आले.

स्तूपाने सर्वांचे लक्ष वेधून घेतले, हे स्वाभाविक होते. पश्चिम विदर्भात इतक्या प्राचीन काळी बौद्ध धर्माचा असा स्थिर आश्रय असल्याचे त्याने दाखवून दिले. तथापि स्तूप उभारणारे गृहपती ज्या वाडग्यांतून जेवत होते आणि भिक्षापात्र घेऊन दाराशी आलेल्या भिक्षूस ज्या पात्रातून अन्न वाढीत होते, ती पात्रे मला स्तूपाइतकीच बोलकी वाटतात. भोनच्या थरांत तांबड्या भांड्यांबरोबर काळी-तांबडी आणि काळी घोटीव भांडी यांचे तुकडे निघाले. ज्या भट्ट्यांतून विहिरींच्या प्रचंड कड्या तांबड्या लाल होऊन बाहेर पडत, त्यांच्याच परिसरात नाजूक वाडगे आतून काळे होऊन निघत होते. यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरते, ती ही की येथील कुंभारांना दोन्ही रंगांचे मर्म अवगत होते आणि कोणता रंग कोठे द्यावा याची निवड ते जाणीवपूर्वक करीत होते.

आता या रंगाचे मर्म पाहू. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन जी माती बनते तिच्यात लोह विपुल असते. भाजताना या मातीला खेळती हवा मिळाली की लोहाचा प्राणवायूशी पूर्ण संयोग होतो आणि मडके तांबडे होते. हवा कोंडली की जळणातून निघालेला धूर प्राणवायूसाठी आसुसतो, तो मातीतील लोहापासूनच प्राणवायू हिरावून घेतो, आणि लोहाचे संयुग बदलून माती करडी-काळी पडते. शिवाय धुरातील कर्बाचे अतिसूक्ष्म कण मातीच्या रंध्रांत शिरून तेथे ठाण मांडतात. सहाशे ते आठशे-नऊशे अंशांच्या उष्णतेत घडणारी ही क्रिया मोठी नाजूक असते. आवा, म्हणजे कुंभाराची भट्टी, निवण्यापूर्वी फट राहिली आणि बाहेरचा वारा तापल्या मडक्यांना लागला, तर मुरलेला कर्ब क्षणात जळून जातो व काळे मडके पुन्हा तांबडे पडते. म्हणजे केवळ धूर करता येणे पुरेसे नाही. धूर कोंडून ठेवण्याचा धीर असावा लागतो, आणि आवा कधी बंद करावा व कधी उघडावा याचा अचूक अंदाज असावा लागतो. हा अंदाज कोणत्याही यंत्राने दिलेला नव्हता. ज्वाळेचा रंग, धुराचा वास, हाताला लागणारी धग आणि वडिलांनी दाखवलेली रीत एवढ्यावर तो उभा होता.

दुरंगी भांड्यात हे कौशल्य दुणावते, कारण तेथे एकाच भट्टीत, एकाच पात्राच्या अंगावर, दोन परस्परविरोधी क्रिया एकाच वेळी घडवून आणावयाच्या असतात. या भांड्यांचा आतला भाग आणि काठालगतची बाहेरची पट्टी काळी असते. बुडाकडचा भाग तांबडा. १९४७ साली कर्नाटकातील ब्रह्मगिरी येथे उत्खनन करणाऱ्या मॉर्टिमर व्हीलर यांनी दक्षिणेतील महापाषाणयुगीन संस्कृतीची खूण म्हणून या भांड्यांकडे विद्वानांचे लक्ष वेधले, आणि ती पालथी घालून भाजली जात असावीत, ही उपपत्ती त्या वेळेपासून रूढ झाली. पालथ्या वाडग्याचे तोंड राखेत, भुशात किंवा पाचोळ्यात रुतले म्हणजे आत हवा पोहोचत नाही, तेथला पाला धुमसत राहतो आणि आतली बाजू काळी होते. वर आलेल्या बुडाला मात्र मोकळा वारा लागून ते तांबडे निघते. भांडी एकदाच भाजली जात की दोनदा, याविषयी अभ्यासकांत दुमत आहे. परंतु काळ्या आणि तांबड्या रंगांच्या सीमेवर जी धूसर, कधी पिवळसर, कधी जांभळट अशी वाहती रेघ उमटलेली असते ती पाहिली म्हणजे रंगाचा कुंचला येथे फिरलेला नाही, अग्नी आणि वारा यांच्यातच ही वाटणी झाली आहे, हे डोळ्यांनाच पटते.

भाजण्यापूर्वीचे एक काम याहून कष्टाचे असे. अर्धवट वाळलेल्या भांड्यावर गुळगुळीत गोट्याने घासून घासून घोटाई करावी लागे, तेव्हा मातीचे सूक्ष्म कण एका दिशेने बसत, रंध्रे मिटत आणि धुरात भाजल्यावर पृष्ठभागाला काळ्या पाषाणासारखी तकाकी येत असे. घोटलेले पात्र पातळ पदार्थ कमी झिरपू देते, धुण्यास सोपे जाते, आणि ताक-दुधाचा वास धरून बसत नाही. म्हणून काळ्या-तांबड्या भांड्यांत वाडगे आणि थाळ्या यांचेच प्राबल्य असावे, असे मला वाटते; पाण्याचा रांजण पाझरावा लागतो, जेवणाचे पात्र पाझरून चालत नाही.

या घोटाईची जितीजागती माहिती हवी असेल तर आपल्याला युरोपच्या उत्तरेकडे, डेन्मार्कमधील जटलंड नावाच्या द्वीपकल्पाकडे वळावे लागते. तेथील पश्चिम आणि मध्य भागातील निकस, वाऱ्याने झोडपलेल्या माळरानांवर शेती पोट भरण्यापुरतीही नीट होत नसे; अशा शेतकरी घरांतील स्त्रिया कित्येक शतके स्वयंपाकाची काळी भांडी बनवीत आल्या. त्यांच्यापाशी चाक नव्हते. मातीचे वळे हाताने चढवीत त्या मडके उभे करीत, ते वाळत आले की गोट्याने घोटीत, मग जमिनीत खळगा करून त्यात भांडी रचून माळावरच्याच झुडपांचे आणि वाळल्या ढेकळांचे जळण घालीत, आणि वरून गवताच्या मुळ्यांसकट कापलेली ढेकळे रचून हवा कोंडीत. निघणारी भांडी काळीभोर, रुपेरी झाक असलेली असत. घरातील पुरुष ती गाड्यांत भरून दक्षिणेकडे हिंडून विकीत, आणि पश्चिम किनाऱ्यावरून ती गलबतांनी जर्मनी व हॉलंडकडेही जात. एकोणिसाव्या शतकात ओतीव लोखंडाची भांडी आणि बंदिस्त चुली घरोघर आल्या तेव्हा या धंद्यास उतरती कळा लागली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो बव्हंशी संपुष्टात आला. परंतु तो संपण्यापूर्वी तेथील संग्रहालयांनी आणि अभ्यासकांनी त्या स्त्रियांना कामावर असताना पाहिले, त्यांची हत्यारे जमवली, त्यांची रीत टिपून ठेवली. सुदैव त्यांचे की त्यांच्या हातांचा इतिहास हात थांबण्यापूर्वी लिहिला गेला.

आपल्याकडे चाकावर बसण्याचा अधिकार रूढीने पुरुषाचा मानला गेला. मात्र माती मळणे, तिच्यात लीद व राख मिसळणे, चाकावरून उतरलेला गोळा आतून गोटा धरून बाहेरून थापटीने फुगवीत नेणे, गेरूचा लेप देणे, घोटणे, आवा रचण्यास हात लावणे आणि चुली, शेगड्या, पणत्या घडवणे यांत कुंभारणीचा वाटा अर्ध्याहून उणा कधीच नव्हता. भोनच्या वाडग्यावर आतल्या बाजूस गोट्याच्या समांतर रेघा दिसतात तेव्हा त्या घोटणारा हात स्त्रीचा असावा, असा तर्क जटलंडच्या उदाहरणाने बळावतो. तो तर्कच आहे, तरीही मी त्यास चिकटून राहीन. कारण ज्या कामास चाकाच्या वेगापेक्षा चिकाटी लागते ते काम आपल्या घरांत कोणाच्या वाट्यास येत आले, हे सांगण्यास पुराव्याची वाट पाहावी लागत नाही.

काळ्या-तांबड्या भांड्यांचा वऱ्हाड-नागपूर प्रांतातील सर्वांत भव्य अध्याय मात्र पूर्णेच्या पूर्वेस, नागपूरच्या परिसरात लिहिला गेला. तेथील माळांवर प्रचंड दगडांची वर्तुळे आहेत, आणि त्यांच्या पोटात इसवी सनापूर्वीच्या सहस्रकात माणसांना, त्यांच्या शस्त्रास्त्रांसह आणि कधी त्यांच्या घोड्यांच्या साजासह, मातीआड केलेले आहे. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने जुनापाणी येथील वर्तुळांची नोंद केली. स्वातंत्र्योत्तर काळात शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड अशी स्थळे एकामागून एक खणली. प्रत्येक ठिकाणी मृताच्या उशाशी-पायथ्याशी काळी-तांबडी पात्रे होती. प्रियजनास अखेरचा निरोप देताना घरातील सर्वांत चांगले भांडे बरोबर द्यावे, ही भावना सर्व काळांत सारखीच असते. त्यामुळे त्या लोकांच्या दृष्टीने चांगले भांडे कोणते, याचा निर्वाळा या समाधींनीच दिला आहे.

यांपैकी नायकुंडने आणखी एक गोष्ट उघड केली, आणि तिच्याकडे मडक्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी अधिक लक्ष द्यावयास हवे होते. तेथे कच्च्या धातूपासून लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्यांसह. लोखंड गाळणे म्हणजे काय, तर धातुपाषाणातील लोहाला चिकटून बसलेला प्राणवायू कोळशाच्या धुराकडून काढून घेणे. काळे मडके भाजणे म्हणजे काय, तर मातीतील लोहाचा प्राणवायू धुराकडून काढून घेणे. एक क्रिया पूर्णत्वास जाते, दुसरी अर्ध्यावर थांबते. उष्णतेत फरक आहे, भट्टीच्या रचनेत फरक आहे, परंतु दोहोंच्या मुळाशी अग्नीला किती हवा द्यावी आणि किती नाकारावी याची एकच जाण आहे. ज्या समाजात लोहार आणि कुंभार शेजारी-शेजारी नांदत होते तेथे ही जाण एकाच्या अंगणातून दुसऱ्याच्या अंगणात गेली नसेल, असे मानणे मला अशक्य वाटते. काळी-तांबडी भांडी लोखंडाच्याही पूर्वी, राजस्थान-गुजरातेतील ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांत बनत होती, हे ध्यानात घेता शिकवणारा कुंभार आणि शिकणारा लोहार होता, असाही क्रम संभवतो.

पूर्णेचे खोरे या पूर्वेकडील जगाला पश्चिमेशी जोडणारा राजमार्ग होता. खोऱ्याच्या वरच्या अंगास, अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथे १९८४-८५ साली ताम्रपाषाणयुगीन वसाहत उघडकीस आली. म्हणजे येथे शेतकऱ्यांचे वास्तव्य भोनच्याही कितीतरी आधीचे. खालच्या अंगास पूर्णा तापीला मिळते, आणि तापी-गिरणेच्या खोऱ्यांत प्रकाशे व बहाळ ही दोन प्राचीन स्थळे आहेत. बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी १९५२ पासून आणि प्रकाशे येथे बी. के. थापर यांनी १९५५ च्या सुमारास उत्खनन केले, तेव्हा काळ्या-तांबड्या भांड्यांबरोबरच एक परदेशी पाहुणा सापडला. गंगेच्या मैदानात घडलेली, आरशासारखी चकाकणारी, टणक आणि कातळकाळी अशी ती भांडी मौर्यकाळातील श्रीमंतांच्या पंक्तीची होती आणि व्यापारी तांड्यांबरोबर दूरदूर गेली होती. उत्तरेकडचे हे राजस भांडे आणि येथले घरगुती काळे वाडगे एकाच बाजारात शेजारी मांडले गेले असतील तेव्हा गिऱ्हाइकाने कोणते घ्यावे हा त्याच्या ऐपतीचा प्रश्न होता. पण काळे, घोटीव, चकचकीत पात्र म्हणजे प्रतिष्ठेचे पात्र, या अभिरुचीत उत्तर आणि दक्षिण एक झाल्या होत्या.

घाटावरच्या बाजूस, आजच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन हे त्या काळचे भोगवर्धन. तेथील रहिवाशांनी सांची आणि भारहुत येथील स्तूपांना दिलेल्या देणग्यांचे लेख प्रसिद्ध आहेत. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून १९७३ च्या सुमारास तेथे खोदकाम केले, तेव्हा या नगरीच्या वैभवाची साक्ष पटली. प्रतिष्ठानाहून, म्हणजे पैठणहून, निघालेला सार्थवाह भोगवर्धनास मुक्काम करून अजिंठ्याच्या डोंगररांगेतून घाट उतरला की पूर्णेच्या खोऱ्यात येई. भोनचा स्तूप, त्याच्या विहिरी आणि त्याची भांडी या वाटेच्या संदर्भात पाहिली म्हणजे ते आडवळणाचे खेडे राहत नाही. ते मोठ्या व्यापारी जगातील एक विसाव्याचे, पाणी-अन्नाचे आणि धर्मश्रवणाचे ठाणे ठरते.

सातवाहनांच्या काळात या काळ्या रंगाचा उतार सुरू झाला. महाराष्ट्रभरच्या उत्खननांत तो दिसतो. खालच्या थरांत काळी-तांबडी भांडी भरपूर, वरच्या थरांत ती विरळ होत जातात आणि तांबड्या लेपाची, अधिक सफाईदार, वेगाने घडवलेली भांडी त्यांची जागा घेतात. याची कारणे कोणी राजाज्ञेत शोधू नयेत. नगरे वाढली, मागणी वाढली, साच्यांतून मूर्ती आणि चाकावरून भांडी झपाट्याने उतरू लागली. अशा वेळी प्रत्येक वाडगा गोट्याने घोटणे आणि पालथा रचून धुरात सांभाळणे परवडेनासे झाले असावे. तांबडे भांडे मोकळ्या वाऱ्यात बिनधोक भाजता येते. योगायोग असा की याच सातवाहनांविषयी लोकांनी जी कथा रचली तिचे घर कुंभाराचे आहे. पैठणच्या कुंभाराच्या घरी वाढलेला शालिवाहन खेळता खेळता मातीचे हत्ती, घोडे आणि शिपाई करतो, आणि विक्रमाची सेना चालून येते तेव्हा त्या मातीत प्राण भरून तिचा पराभव करतो. इतिहासकार या कथेला प्रमाण मानणार नाहीत, मानू नयेही. परंतु आपल्या पहिल्या मोठ्या राजवंशाचे मूळ महाराष्ट्राने क्षत्रियाच्या वाड्यात न शोधता कुंभाराच्या अंगणात शोधले, यात मातीविषयी जो आदर आहे तो मला राजवंशावळीपेक्षा मोलाचा वाटतो.

मध्ययुगीन शतकांविषयी थोडक्यात सांगता येईल. कुंभार गावगाड्यात बलुतेदार झाला. सुगीच्या वेळी खळ्यावर त्याचे बलुते मिळे, त्या मोबदल्यात वर्षभर गावाची गाडगी-मडकी, लग्नाचे ऐरणीचे घट आणि मर्तिकाचे मडके पुरवणे हा त्याचा धर्म ठरला. बाजारपेठेत बसून धंदा करणाऱ्यावर मोहतर्फ्याची, म्हणजे व्यवसायावरील कराची, आकारणी होई. या व्यवस्थेने त्यास अन्नाची शाश्वती दिली आणि त्याच्या कारागिरीची महत्त्वाकांक्षा मात्र मंदावली. धान्याच्या मापात ठरलेल्या मोबदल्यासाठी गोट्याने तासन्‌तास घोटीत कोण बसणार? तरीही भाजणीची पारख या परंपरेच्या मर्मस्थानी राहिली. तेरच्या गोरोबाकाकांनी संतमेळ्यात प्रत्येकाच्या मस्तकावर थापटी मारून कोण पक्के आणि कोण कच्चे हे सांगितले आणि नामदेवांस कच्चे ठरवले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. आव्यातून निघालेले मडके वाजवून पाहणे ही कुंभाराची नित्याची क्रिया. तीच मराठी संतपरंपरेने आत्मपरीक्षेची रीत म्हणून स्वीकारली.

काळा रंगही सर्वस्वी नाहीसा झाला नाही. पायनघाटातील आणि शेजारच्या खानदेशातील घरांत पुरणाचे मांडे ज्या पालथ्या खापरावर भाजतात ते खापर, उन्हाळ्यात बाजारात तांबड्या माठाशेजारी उतरणारा काळा माठ, चिलमी, आणि संक्रांतीला कित्येक घरांत पुजली जाणारी एक काळे व एक तांबडे अशी सुगडांची जोडी यांतून तो टिकून राहिला. काळा माठ करणारे कुंभार आजही आवा पुरता तापल्यावर त्यात ओला पाचोळा, भुसा किंवा शेण टाकून सर्व झरोके चिखलाने लिंपून घेतात व तो पुरता निवेपर्यंत उघडत नाहीत. या रीतीचा भोनच्या रीतीशी अखंड वारसा आहे असे मी म्हणणार नाही, मधल्या शतकांचा धागा हाती लागत नाही. पण तत्त्व तेच आहे, माती त्याच खोऱ्याची आहे, आणि पऱ्हाट्या-तुराट्यांचा धूरही त्याच काळ्या रानातला आहे. देशात इतरत्र या विद्येचे भाग्य अधिक चांगले निघाले. उत्तर प्रदेशात आझमगडजवळच्या निजामाबादेत धुरात भाजलेल्या काळ्या भांड्यांवर रुपेरी नक्षी भरतात, आणि त्यांस आता भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले आहे.

जटलंडच्या कुंभारणींवर ओतीव लोखंडाने जी आपत्ती आणली ती वऱ्हाडात आगगाडीने आणली. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले. १८६७ साली मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांवरून नागपुरास पोहोचली. १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते जलंबहून खामगावास जाणारा फाटा खुला झाला, आणि खामगाव कापसाची नामांकित पेठ बनले. ज्या मालडब्यांतून रुईच्या गाठी मुंबईस गेल्या त्यांतूनच परतीच्या वाटेवर पितळेची, लोखंडाची आणि पुढे कल्हईच्या पत्र्याची भांडी आली. कापसाच्या पैशाने घरोघर तांब्या-पितळेची उतरंड उभी राहिली आणि मातीची उतरंड माजघरातून परसात गेली. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात कुंभाराच्या जातीविषयी, तिच्या पोटभेदांविषयी आणि चालीरीतींविषयी माहिती आहे. सरकारास प्रजेची वर्गवारी हवी होती आणि ती त्याने करवून घेतली. प्रत्येक तालुक्यातील भट्टी कशी रचली जाते, धूर कसा कोंडला जातो, घोटाईस कोणता गोटा लागतो, हे टिपून ठेवण्याची दृष्टी असती तर त्याच श्रमांत तेही झाले असते. डेन्मार्कने आपल्या काळ्या मडक्यांच्या बाबतीत जे केले ते आपल्याकडे झाले नाही, ही खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

म्हणूनच भोनच्या खापरांचे मोल वाढते. पूर्णेवर उभारल्या जात असलेल्या जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात भोनचा प्राचीन परिसर येतो. खारपाणपट्ट्यातील ज्या शेतकऱ्याच्या विहिरीला मचूळ पाणी लागते त्याला धरणाचे गोडे पाणी नको असे कोणीही विचारी माणूस म्हणणार नाही. दोन हजार वर्षांपूर्वी याच काठावर मातीच्या कड्या रचून विहिरी बांधणाऱ्यांनीही पाण्यासाठीच हे कष्ट उपसले होते. परंतु पाणी चढण्यापूर्वी स्तूपाच्या विटा वाचवण्याची चर्चा जेवढ्या आस्थेने होते तेवढीच आस्था खापरांच्या वाट्यास यावी. पूर्णेच्या गाळाचे नमुने घ्यावेत. ते आणि ती काळी-तांबडी खापरे प्रयोगशाळेत शेजारी ठेवून माती स्थानिक की बाहेरची याचा निकाल लावावा. खापराचा कण मोकळ्या हवेत पुन्हा तापवून, त्याचा रंग कोणत्या उष्णतेस बदलतो त्यावरून मूळ भट्टीची उष्णता अजमावावी. त्याहून निकडीचे काम असे की काळा माठ करणारे जे वृद्ध कुंभार आणि कुंभारणी घाटाखालच्या गावांत अद्याप आहेत त्यांच्याकडून आव्याची रचना, जळणाचे प्रमाण आणि झरोके मिटण्याची वेळ त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावी, आणि त्यांच्या हातून, त्याच नदीच्या मातीचे, पालथे रचलेले काही वाडगे एकदा भाजवून पाहावेत. अशा एका आव्याने व्हीलरच्या काळापासून चाललेल्या वादाचा काही भाग तरी मिटेल, आणि तो मिटवण्यास भोनच्या कुंभारांच्या शेजारगावच्या माणसांइतका योग्य पंच दुसरा कोणी नाही.